खरगोनचं नाव बदला म्हणणाऱ्यांनी आधी एकदा झिरन्याला जाऊन यावं

कसरावदची माहेरवाशीण

परवापासून आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत एक पोस्ट फिरतेय, माझ्याकडेच चार जणांकडून आली. मजकूर थोडक्यात असा की नगरचं अहिल्यानगर झालं, मग मध्य प्रदेशात ज्या जिल्ह्यात देवी अहिल्याबाई होळकरांची राजधानी महेश्वर होती त्याचं नाव अजून खरगोन का, जिल्ह्याला "देवी अहिल्या जिल्हा" म्हणा, कलेक्टर कचेरी उचलून महेश्वरला न्या, नाहीतरी खरगोनात आहे काय, कापूस, मिरची आणि धूळ.

त्या शेवटच्या वाक्यामुळे मी हे लिहितेय. रात्री साडेअकराला वाचलं आणि झोपच उडाली.

बाबा कसरावदला मास्तर होते, माझं दहावीपर्यंतचं सगळं तिथलं. नर्मदेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे महेश्वर-मंडलेश्वर, आणि मागे खरगोन. देवींबद्दल मला कोणी शिकवू नये. आई दर अमावास्येला महेश्वरच्या घाटावर न्यायची, वाड्यातल्या देवघरातला तो सोन्याचा झोका मी पाच-सहा वर्षांची असताना पहिल्यांदा पाहिला, आणि तिथे मातीची शिवलिंगं करून पूजा करून नर्मदेत सोडतात ते बघत तासन्तास बसायचे. तेव्हा हा देवींना विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझं म्हणणं एवढंच आहे की जिल्हा म्हणजे महेश्वरचा घाट नाही. इंदूरहून जाम घाट उतरून महेश्वर करायचं, साडी घ्यायची, बोटीत बसायचं, संध्याकाळी परत, हे म्हणजे जिल्हा पाहणं नव्हे. नर्मदेच्या दक्षिणेला सातपुड्यापर्यंत जे पसरलंय ते भीकनगाव, गोगावां, सेगाव, भगवानपुरा, झिरन्या, तो सगळा मुलुख त्या पोस्टमध्ये कुठे आहे? तिथे बारेला आहेत, भिलाला आहेत, भिल्ल आहेत, सगळे आदिवासी. झिरन्याच्या आतल्या फाल्यातला, म्हणजे पाड्यावरचा, माणूस कलेक्टर कचेरीतल्या कामासाठी आजही बस बदलत खरगोनला येतो, त्याला तुम्ही नर्मदा ओलांडून जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या टोकाला बोलावणार? देवींच्या नावाने? माझ्या वर्गातली एक मैत्रीण भगवानपुऱ्याकडची होती, वसतिगृहात राहायची. तिच्या शिष्यवृत्तीचा कागद एका सहीसाठी दोन वर्षं अडकला. वडील तीनदा मजुरी बुडवून आले, चौथ्यांदा आलेच नाहीत. नववीत तिची शाळा सुटली. कचेरी किती लांब आहे हा प्रश्न माझ्यासाठी तेव्हापासून भावनेचा नाही, पोटाचा आहे.

आणि नावाचंच काढलंय तर होळकरांनी स्वतः या मुलुखाला काय नाव ठेवलं होतं ते तरी बघा. संस्थानात हा निमाड जिल्हाच होता आणि कचेरी खरगोनलाच होती. ज्यांच्या नावाने बदल करायचा म्हणता त्यांच्याच घराण्याला निमाड नाव खटकलं नाही, मग तुम्हाला का खटकावं?

राजवाड्यामागचा

ती पोस्ट माझी आहे. नाव लपवायचं कारण नाही.

ताई, तुम्ही एका वाक्याला धरून बसलात आणि मुख्य मुद्दा सोडून दिलात. माझे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, निमाडात सात वर्षं काढली त्यांनी, घोड्यावरून दौरे केले, त्यामुळे मी काही घाटावर फोटो काढून परत आलेला माणूस नाही. मुद्दा असा की १७६७ ते १७९५, अठ्ठावीस वर्षं एका बाईने महेश्वरात बसून राज्य केलं आणि काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट, मंदिरं, धर्मशाळा बांधल्या. राजधानी इंदूरला आली ती मंदसौरच्या तहानंतर, १८१८ साली. म्हणजे आपलं इंदूर पुढारलं आणि महेश्वर मागे पडलं ते त्या तहामुळे. त्या गावाला आज काय आहे? नगर परिषद. एवढंच. होशंगाबादचं २०२२ साली नर्मदापुरम झालं, कोणाचं काही अडलं नाही. २०२५ च्या जानेवारीत राज्याचं अख्खं मंत्रिमंडळ महेश्वरात बसलं, देवींचं तीनशेवं जयंती वर्ष होतं, तेव्हाच हे व्हायला हवं होतं. दुसऱ्या कोणी विरोध केला असता तर समजलं असतं, आपल्याच मराठी माणसाने करावा याचं मला वाईट वाटतं.

आणि मुख्यालय नको तर नको, मग महेश्वर वेगळा जिल्हा करा. पांढुर्णा झाला ना छिंदवाड्यातून २०२३ साली? तिथे तर आपलीच मराठी माणसं. पांढुर्ण्याला जमतं ते महेश्वरला का नाही?

नकाशेवाला

दोघांनीही एक गोष्ट सोडलीय. "पश्चिम निमाड" हे नाव कुठून आलं? लोकांना वाटतं इंग्रजांचं किंवा मोगलांचं. तसं नाही. १९४८ ला मध्य भारत झाला त्यात होळकरांचा निमाड आला, मुख्यालय खरगोन. तिकडे मध्य प्रांतात इंग्रजांचा निमाड आधीपासून होता, मुख्यालय खंडवा. १ नोव्हेंबर १९५६ ला दोन्ही एकाच राज्यात आले आणि एका राज्यात एकाच नावाचे दोन जिल्हे झाले, म्हणून एक पूर्व निमाड, एक पश्चिम निमाड. कारकुनी सोय होती ती. २०११ च्या जनगणनेतसुद्धा खरगोन आणि पश्चिम निमाड अशी दोन्ही नावं जोडून लिहिलेली आहेत.

बरं, १९९८ ला बडवानी वेगळा काढला. सेंधवा, राजपूर, बडवानी सगळं गेलं. आता पश्चिम निमाडच्या पश्चिमेला बडवानी आहे, तोही निमाडच, म्हणजे ज्याला पश्चिम म्हणतो तो आता मधला झाला. नाव चुकीचं आहेच. पण त्यावर देवी अहिल्या जिल्हा हा उपाय नाही, भूगोलाला धरून नाव असावं. उत्तरेला विंध्य, दक्षिणेला सातपुडा, मधून नर्मदा, त्या खोऱ्याला लोक शेकडो वर्षं निमाड म्हणतात. कोणी सांगतं नीमच्या झाडांवरून, कोणी सांगतं नर्मदेच्या अर्ध्या वाटेवरचा म्हणून नीम, काहीही असो. नुसतं "निमाड" ठेवा.

आणि कृपा करून मराठीत लिहिताना खरगोण लिहा. आपल्या जुन्या कागदांत ण आहे. आपण इंदूरवाले हिंदीच्या नादाने खरगोन लिहायला लागलो, बडवाणीचं बडवानी केलं, आपल्याच घरात आपला ण हरवतोय आणि नाव बदलायच्या गप्पा मारतोय.

कसरावदची माहेरवाशीण

तिथली माणसं खरगोन म्हणतात म्हणून मी खरगोन लिहिते. निमाडी माणसाच्या तोंडी जे आहे तेच त्याच्या गावाचं नाव. ण वर वेगळा धागा काढा.

रावेरखेडीचा

हे सगळं वाचून एकच सांगावंसं वाटतं. जिल्ह्यात देवींचं महेश्वर आहे हे सगळ्यांना माहीत, पण त्याच जिल्ह्यात सनावदजवळ रावेरखेडीला बाजीरावांची समाधी आहे हे इंदूरच्या किती मराठी घरांत माहीत आहे? २८ एप्रिल १७४०. त्या दिवशी नर्मदाकाठी उन्हाच्या तडाख्यात तो माणूस गेला, चाळिशीसुद्धा पूर्ण झाली नव्हती. मी गेली अकरा वर्षं दर २८ एप्रिलला जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा सनावदच्या स्टँडवर चार रिक्षावाल्यांना विचारलं, चौघांना माहीत नव्हतं, पाचवा म्हणाला "वो पेशवा वाली छतरी?" आणि घेऊन गेला. एकटाच उभा होतो तिथे. समोर नर्मदा आणि मी. रडलो, सांगायला लाज नाही वाटत.

देवींचं नाव विमानतळाला आहे, विद्यापीठाला आहे, रास्तच आहे. बाजीरावांच्या नावाचं या जिल्ह्यात काय आहे? नाव द्यायचंच तर त्यांचाही विचार व्हायला हवा.

राजवाड्यामागचा

बाजीरावांबद्दल आदर आहेच, पण दादा, ते इथे वारले. देवी इथे जगल्या. दोन्हींत फरक आहे.

रावेरखेडीचा

हे वाक्य परत वाचा आणि लाज वाटली तर बघा. मल्हारराव होळकरांना सुभेदारी कोणी दिली? माळवा कोणाच्या स्वारीने मिळाला? बाजीराव नसते तर इंदूरही नसतं, महेश्वरही नसतं, आणि तुमच्या आजोबांची नोकरीही नसती.

राजवाड्यामागचा

आजोबांवर जायचं कारण नाही. मल्हाररावांनी तलवार चालवली म्हणून सुभेदारी मिळाली, कोणी दान नाही दिलं. हे पेशव्यांच्या पदरचं खाल्लं म्हणायची सवय गेली नाही अजून लोकांची. होळकरांचं कर्तृत्व निघालं की लगेच पुणं मध्ये येतं. आमच्या घरी हे ऐकत तीन पिढ्या गेल्या.

ग्वाल्हेरहून

मध्ये पडतोय म्हणून माफ करा, पण रावेरखेडीची छत्री शिंद्यांनी बांधली ना? राणोजींचं नाव घेतात त्यासाठी. म्हणजे पेशव्यांची समाधी, शिंद्यांचं बांधकाम, होळकरांचा मुलुख. तिघांचीही जागा आहे ती. तुम्ही दोघं दोनशे ऐंशी वर्षांनी तिच्यावरून भांडताय. आमच्या इथेही हेच चालतं, शिंद्यांचं कौतुक केलं की कोणीतरी झाशी काढतंच.

रावेरखेडीचा

बांधकाम शिंद्यांचं हे मान्य. पण मग ती जपायची जबाबदारी कोणाची? महेश्वरचं धरण मंडलेश्वरजवळ बांधायला घेतलं तेव्हा पाणी चढलं तर समाधी बुडेल अशी भीती होती. उचलून दुसरीकडे न्या, भिंत घाला, काय काय निघालं. तेव्हा हे अहिल्या जिल्हावाले कुठे होते? एक पत्र लिहिलं का कोणी?

बुडितातलं गाव

मी सहसा लिहीत नाही. आज लिहिते.

माझं सासर नर्मदाकाठचं, त्या धरणाच्या बुडितात येणाऱ्या ६१ गावांपैकी एक. आम्ही मराठी, पण चार पिढ्या तिथे शेती केलेले, घरात निमाडीच बोलतात, मीच लग्न करून इंदूरहून गेलेली. तुम्ही सगळे समाधी बुडेल, समाधी बुडेल म्हणून कळवळताय, त्या समाधीच्या आजूबाजूला माणसं राहतात हे एकाच्याही मनात आलं नाही. १९९८ च्या जानेवारीत हजारो लोक धरणाच्या जागेवर जाऊन बसले होते, त्यात माझ्या सासूबाई होत्या, मांडीवर माझा मोठा दीर तापाने फणफणलेला. तेव्हा इंदूरच्या कुठल्या मराठी मंडळाने विचारपूस केली? ४०० मेगावॅटची वीज होणार होती. भिंत उभी राहिली, दारं बसली, वीज काही आली नाही, २०२० साली सरकारने करारच मोडला. एवढ्या वर्षांत आमच्या गावात कोणी नवं घर बांधलं नाही कारण बुडणार म्हणून सांगितलेलं. मुलांची लग्नं जमेनात, "डूब का गाव" म्हटलं की सोयरीक परत. आमच्या घराची मागची भिंत सतरा वर्षं टेकू लावून उभी होती.

अहिल्याबाईंचं नाव द्या, बाजीरावांचं द्या, मला दोन्ही पूज्य आहेत. पण तुमचा इतिहास दगडात आहे आणि आमचं आयुष्य त्याच नदीकाठी मातीत आहे, तेही बघा जरा.

रावेरखेडीचा

वहिनी, तुमचं वाचून गप्प झालो. अकरा वर्षं त्याच रस्त्याने जातो, वाटेतल्या गावात कधी उतरलो नाही हे खरं. पण समाधीची काळजी करणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. दोन्ही करता आलं असतं.

बुडितातलं गाव

करता आलं असतं. केलं नाही.

पंचायतीतून निवृत्त

मी या जिल्ह्यात आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांत मिळून एकतीस वर्षं पंचायत खात्यात काढली, तेव्हा मूळ प्रश्नावर बोलतो, कारण तो पार बाजूला पडलाय.

खरगोनच्या तहसिलींपैकी भगवानपुरा, सेगाव, भीकनगाव, झिरन्या, खरगोन आणि महेश्वर या सहा अनुसूचित क्षेत्रात आहेत. महेश्वर सुद्धा. इंदूरच्या लोकांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं, त्यांना महेश्वर म्हणजे किल्ला आणि साड्या. तिथे सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असतं, ग्रामसभेचा अध्यक्ष आदिवासीच लागतो. १५ नोव्हेंबर २०२२ पासून राज्यात पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, नियम लागू आहेत, त्यात पटवाऱ्याने (तलाठ्याने) वर्षातून एकदा गावाचा नकाशा आणि खसरा (जमिनीच्या नोंदी) ग्रामसभेपुढे आणून वाचायचा असं लिहिलंय. किती ठिकाणी वाचला गेला? मी निवृत्त झाल्यावर दोन गावांत मुद्दाम जाऊन विचारलं. एका गावात वाचला होता, लोकांनी तिथल्या तिथे तीन नोंदी चुकीच्या काढल्या, एका म्हाताऱ्याची दोन बिघे जमीन दुसऱ्याच्या नावावर चढलेली सापडली. दुसऱ्या गावात लोकांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं, रजिस्टरवर मात्र अंगठे होते.

ज्या जिल्ह्यात ग्रामसभा कागदावर होते त्या जिल्ह्याचं नाव इंदूरच्या वाड्यात बसून ठरवू नका. बायकांना पन्नास टक्के जागा आहेत, पण किती ठिकाणी बाई खुर्चीवर बसते? माझ्यासमोर एका सरपंच बाईंनी, चौथी शिकलेल्या, नवऱ्याच्या हातातून शिक्का काढून घेतला आणि म्हणाल्या "सही म्हारी छे, तो पूछो म्हखऽ", सही माझी आहे तर मला विचारा. त्या पंचायतीत पुढची तीन वर्षं हातपंपाचा एक पैसा खाल्ला गेला नाही. अहिल्याबाईंचं खरं स्मारक मी त्या दिवशी पाहिलं. जिल्ह्याच्या पाटीवर नाव लिहून ते होत नाही.

नव्या जिल्ह्याचं म्हणाल तर बडवानी १९९८, बुरहानपूर २००३, आलीराजपूर २००८, तिन्ही वेळा मी खात्यात होतो. पाटी एका दिवसात लागते. कर्मचारी जुन्याच जिल्ह्यातून अर्धे अर्धे वाटून देतात, म्हणजे आधी एका जिल्ह्यात जागा रिकाम्या होत्या त्या आता दोन जिल्ह्यांत रिकाम्या. आता राज्यात ५५ जिल्हे आहेत. जनपदला, म्हणजे तालुक्याच्या पंचायतीला, अधिकार नाहीत, जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष निवडून येतो आणि फाईल सीईओकडे असते, जिल्हा योजना समितीवर प्रभारी मंत्री बसतो. १९९९ ला "जिला सरकार" म्हणून मोठा गाजावाजा झाला, भोपाळचे अधिकार जिल्ह्यात आणले, त्यातही खुर्ची मंत्र्याचीच होती. भांडायचं तर यावर भांडा.

राजवाड्यामागचा

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण तुम्ही असं मांडताय की नाव आणि काम यातलं एकच काहीतरी करता येतं. दोन्ही का होऊ नये? नावाने माणसाला अभिमान येतो, अभिमान आला की मागणी करायची ताकद येते. महेश्वरच्या विणकरांचं घ्या, साडीला गावाचं नाव होतं म्हणून ती टिकली. ते नाव नसतं तर हातमाग कधीच बंद पडले असते.

कसरावदची माहेरवाशीण

विणकरांचा मुद्दा मला पटला, मान्य करते. नावाची किंमत असते. पण ते नाव महेश्वर होतं, गावाचं स्वतःचं, बाहेरून लावलेलं नव्हतं. म्हणजे तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे.

सनावदचा, सध्या भंवरकुआ

मी एमपीपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो, इंदुरात भंवरकुआला खोलीवर राहतो, घर सनावदचं. सगळ्या काका-मावशींना एक विचारायचं आहे. तुमच्यापैकी किती जण खरगोनला रेल्वेने गेलात? कोणीच नाही, कारण जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वेच नाही. जिल्ह्यात रेल्वे आहे ती सनावद आणि बडवाहला, एकदम कडेला. तीही मीटर गेज होती, महूकडची २०२३ मध्ये बंद झाली मोठ्या लाईनच्या कामासाठी. बाबा सांगतात मीनाक्षी एक्सप्रेस सनावदहून जायची, त्यात बसून माणूस जयपूरला जायचा. आता मला घरी जायचं तर भेरूघाटाच्या जाममध्ये बस अडकते, दिवाळीला चार तास अडकलो होतो, फराळाचा डबा मांडीवर.

आणि जिल्हा न्यायालय खरगोनात नाही, मंडलेश्वरला आहे, हे त्या पोस्ट लिहिणाऱ्या काकांना माहीत आहे का? कलेक्टर एकीकडे, जिल्हा जज दुसरीकडे. एका जमिनीच्या प्रकरणात आजोबांनी दोन्हीकडे चकरा मारल्या, मी लहान असताना सोबत जायचो, मंडलेश्वरला कोर्टाबाहेर मला भजी मिळायची म्हणून मी खुश आणि आजोबा झाडाखाली कागद मांडीवर घेऊन बसलेले. आता अजून कचेरी हलवायची?

नावाचं म्हणाल तर खरगोनला २०२४ ला विद्यापीठ सुरू झालं, त्याला क्रांतिसूर्य टंट्या भिल नाव आहे. माझे भगवानपुऱ्याचे मित्र टंट्या मामांचं नाव घेतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. उद्या खरंच लोकांना विचारलंत आणि त्यांनी टंट्या मामा जिल्हा म्हटलं तर तुम्ही मान्य करणार का? हो किंवा नाही सांगा.

राजवाड्यामागचा

न्यायालय मंडलेश्वरला आहे ते माहीत आहे बाळा, ते इंग्रजांच्या काळापासूनचं ठाणं, १८६४ पर्यंत निमाडची कचेरीच तिथे होती, मग खंडव्याला गेली. म्हणजे कचेऱ्या हलतात, पहिल्यांदा होत नाहीये हे.

टंट्या मामांचं विचारलंस. खरं सांगतो, मला अवघड जाईल. पण लोकांनी ठरवलं तर मी कोण नाही म्हणणारा.

नकाशेवाला

१८६४ पर्यंत मंडलेश्वर, मग खंडवा, आणि १८६७ ला मंडलेश्वर होळकरांकडे आलं. बरोबर. कचेरी हलते तेव्हा मागचं गाव ओस पडतं हेही त्याच उदाहरणातून दिसतं. मंडलेश्वरला विचारा. महेश्वरचंही तेच झालं असं तुम्हीच वर लिहिलंय. आता तीच पाळी खरगोनवर आणायची?

शुद्धलेखनाचा आग्रह

खरगोण. वर एकाने लिहिलं तेच पुन्हा.

कसरावदची माहेरवाशीण

राजवाड्यामागचे दादा, "लोकांनी ठरवलं तर" हे तुम्ही लिहिलंत ना, माझं पहिल्या पोस्टपासून तेवढंच म्हणणं होतं. आता ते नीट करा. पोस्ट भोपाळला पाठवण्याआधी सहा तहसिलींच्या ग्रामसभांत तरी विषय ठेवायची मागणी करा. महेश्वरच्या नगर परिषदेने ठराव केला तर तो महेश्वरचा झाला. जिल्ह्यात साडेअठरा लाखांच्यावर माणसं आहेत २०११ च्या गणनेने, आता तर कितीतरी जास्त.

आणि बाजीरावांच्या भांडणात ज्यांनी वीस-वीस उत्तरं खाजगीत पाठवली मला, त्यांना सांगते, तुम्ही देवींचा पक्ष घ्या किंवा पेशव्यांचा, वहिनींनी घराच्या भिंतीबद्दल लिहिलं त्याला तुमच्यापैकी एकानेही उत्तर दिलं नाही. मला याचा राग आलाय आणि तो जाणार नाहीये.

राजवाड्यामागचा

ठीक आहे. मुख्यालय हलवायची मागणी मागे घेतो, झिरन्याचं अंतर माझ्या डोक्यात नव्हतं, मी आजोबांच्या गोष्टींतला निमाड धरून बसलो होतो आणि त्या गोष्टीत घोडा होता, बस नव्हती. वेगळ्या जिल्ह्याचंही काकांनी सांगितल्यावर घाई करणार नाही. नावाची मागणी मात्र सोडलेली नाही, फक्त "ग्रामसभांना विचारून" हे शब्द घालतो. त्या वहिनींची माफी मागायची तर माझ्या एकट्याच्या माफीने काय होणार, पण मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यांच्या गावचं कोणी येऊन बोलणार असेल तर वेळ मी मागून घेतो, हा शब्द.

आणि ताई, "आहे काय, कापूस, मिरची आणि धूळ" हे वाक्य काढलं. बेडियाच्या मंडीतली मिरची आमच्याही घरात येते.

बुडितातलं गाव

मी येईन. सासूबाईंना घेऊन येईन, त्या निमाडीत बोलतील, कोणीतरी समजून घ्या.

पंचायतीतून निवृत्त

मी बसतो शेजारी. सांगेन मराठीत.